मेणातला डावा ठसा

"पोरगी करते म्हन्ता चाचा, पन थे डावरी हाय ना?"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी दुकानात मागे, लोखंडी कपाटाआड स्टुलावर बसले होते, आणि पुढे काउंटरवर मडावी सर सलीमचाचांशी बोलत होते. मडावी सर म्हणजे धानोरा रस्त्यावरच्या एका आश्रमशाळेचे रिटायर्ड पी.टी. सर, तिथल्या शर्यती अजूनही तेच सुरू करतात. माणूस चांगला. आवाज मात्र मैदानावरचा... कानात सांगितलेलंही समोरच्या चहावाल्याला ऐकू जाईल असा.

"डावरी आहे, पण हात साफ आहे तिचा," चाचा म्हणाले. म्हणताना त्यांनीही आवाज जरा खाली घेतलाच.

"मी काई वाईट नाई म्हनून राह्यलो. रशीदभाऊ असते तं विचारलंबी नसतं. पन हे शिलाई मशीन थोडी हाय?"

मी कानस डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. कोणी बघत नव्हतं, तरी घेतली.

मी या ग्रुपवर तीन वर्षं नुसती वाचक आहे. खरं सांगायचं तर इथले अनुभव वाचताना मी मनातल्या मनात त्यांच्यात चुका शोधायचे — वारा असेल, ताप असेल, झोप झाली नसेल. अमानवीय वगैरेवर माझा विश्वास कधीच नव्हता. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे. जे मोजता येतं तेवढंच खरं, असं मानणारी मी. पण माझ्याकडे आता एक गोष्ट अशी आहे जी मी मोजली, दोनदा मोजली, आणि तरीही ती पटत नाही. म्हणून लिहिते आहे. शाळा इंग्लिश मीडियमची, घरात आमची हिंदी, आणि मराठी शिकले ती दुकानात बसून... तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

दुकान चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. एका बाजूला राईस मिल, समोर चहाची टपरी. दहा बाय बाराची जागा, वर पत्रा. बंदूक दुरुस्तीचा परवाना आमच्याकडे आजोबांपासून. गिऱ्हाईक म्हणजे रानडुकरांपासून धान राखायला परवान्याची बंदूक ठेवणारे शेतकरी, आणि अधूनमधून एखादा बँकेचा गार्ड. अब्बा — रशीद मिस्त्री — दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेले. वारस म्हणून परवाना तात्पुरता चाचांच्या नावे झाला. चाचा म्हणजे अब्बांचे धाकटे भाऊ. ते टेम्पो चालवतात, मिलची पोती वाहतात, आणि या कामातलं त्यांना फारसं येत नाही. त्यांच्या हाताखालची कारागीर म्हणून कागदावर माझं नाव आहे. प्रत्यक्षात काम मी करायचे आणि बोलायचे चाचा. मला ते बरंही वाटायचं. गिऱ्हाईक समोर आलं की माझा घसा बंद होतो.

आता दुकानातल्या दोन रीती सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली रीत मेणाची. बंदुकीचा घोडा पडला की त्याच्या नाकावरची छोटी सुई — फायरिंग पिन — काडतुसाच्या टोपीवर आपटते. सुई झिजली की नुसतं टक् होतं, बार होत नाही. आमच्याकडे नवी सुई तयार झाली की बसवण्याआधी ती मेणाच्या वडीत खांद्यापर्यंत, म्हणजे टोकामागच्या रुंद भागापर्यंत, दाबायची. मेण जंगलातलं, माडिया आदिवासींकडून घेतलेलं, पिवळं. वडी एका चपट्या बिस्किटाच्या डब्यात. दाबली की खड्डा उमटतो. त्या खड्ड्याची खोली म्हणजे सुईच्या टोकाची लांबी. शेजारी टाचणीने बंदुकीचा नंबर कोरायचा. तीच बंदूक दहा वर्षांनी परत आली तर माप तयार असतं. अब्बा त्याला आमची वही म्हणायचे.

दुसरी रीत बोलायची. आजोबांच्या काळात दुकानात आजोबा धरून तिघे भाऊ बसायचे, तिघांचं काम वेगळं. म्हणून हत्यार परत घेताना गिऱ्हाईक विचारायचं, "हात कोनाचा?" आणि ज्याने काम केलं त्याने आपलं नाव मोठ्याने सांगायचं. काही बिघडलं तर कोणाकडे यायचं ते ठरलेलं. तिघे भाऊ गेले, रीत राहिली. अब्बांनाही लोक विचारायचे, "हात कोनाचा, मिस्त्री?" आणि अब्बा छातीवर हात ठेवून म्हणायचे, "रशीदचा."

डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं मी अब्बांच्या मागे, त्याच कपाटाआड बसून काम केलं. स्प्रिंगा, स्क्रू, चाप. सगळं डाव्या हाताने, कारण उजव्याने माझी रेघ सरळ येत नाही. गिऱ्हाईक आत डोकावलं की अब्बा माझ्या हातातली कानस काढून उजव्या हातात ठेवायचे. रागावून नाही... अगदी हळू, ताटात पोळी वाढावी तसं. आणि पुढे काउंटरवर, माझंच काम पुढ्यात असताना, "हात कोनाचा?" — "रशीदचा."

मी त्यांना कधी काही म्हटलं नाही. सुई मात्र त्यांनी मला कधीच करू दिली नाही. "सुई म्हणजे जिम्मेदारी, बेटा. नंतर." ते नंतर यायच्या आत ते गेले.

तर, मडावी सरांचं काम. डिसेंबरमधला बुधवार होता. त्यांनी पिशवीतून एक रिव्हॉल्व्हर काढलं, आधी काडतुसांची चरखी उघडून रिकामी असल्याचं चाचांना दाखवलं आणि काउंटरवर ठेवलं. शर्यती सुरू करायचं, कोऱ्या म्हणजे गोळी नसलेल्या काडतुसांचं स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर. अंगावरचं काळं पॉलिश निघून आत जस्तासारखा पांढरट धातू दिसत होता. सर त्याचे कागद मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपतात.

"गेल्या साली याने माही इज्जत घेतली, चाचा. मुलींची चारशे मीटर फायनल. मी हात वर केला, दाबलं — टक्! दुसऱ्या शाळेच्या पोरी तेवढ्यावरच पळून गेल्या. माही जमुना तिथीच उभी. मी मनलं, अवं पळ ना! थे मंते, सर, बार कुठी झाला? तुमीच सांगतलं होतं ना, बार झाल्याबिगर पाय उचलाचा नाई!"

"मग?"

"मग काय... शेवटी आली. पंच मंते शर्यत झाली मनजे झाली. घरी जाऊन दोन दिवस जेवली नाई पोरगी. यंदा तिचं शाळेतलं आखरी साल हाय. येत्या रविवारी फायनल."

"शिट्टीने करा ना सर," चाचा हसत म्हणाले.

"शिट्टीवर तं कोंबड्याबी पळते, चाचा! फायनलले बार पायजे."

मग ते माझ्याबद्दलचं वाक्य. ते वर लिहिलंच आहे.

कोरी काडतुसं सरांकडे सहाच होती, नागपूरहून मागवलेली, आणि नवी यायला पंधरा दिवस. "दोन तपासाले घ्या. चार मले फायनलले लागते," असं बजावून ते गेले.

ते गेल्यावर चाचा आत आले आणि पोत्यावर बसले. ते आपल्या किल्ल्यांचा जुडगा फिरवू लागले. मग म्हणाले, "बेटा, परवान्याची मुदत महिनाअखेर संपते. पुढचा अर्ज कोणाच्या नावाने करायचा? माझ्याच्याने हे होत नाही. तुझ्या नावाने करायचा तर लोकांनी तुझ्या हातात हत्यार दिलं पाहिजे. हे काम चार शाळांसमोर आहे. झालं तर मी स्वतः अर्ज घेऊन चंद्रपूरला जातो. नाही झालं तर परवाना जमा करू आणि शटर भाड्याने देऊ. मोबाइलवाला विचारून गेलाय."

मी मान हलवली. म्हणजे हो.

गुरुवारी मी सुई केली. आयुष्यातली पहिली. जुनी झिजलेली सुई काढली, मायक्रोमीटर लावला, प्रत्येक माप कागदावर लिहिलं, आणि त्या मापाची नवी तंतोतंत बनवली. कॉलेजात हे ड्रॉइंग दिलं असतं तर पैकीच्या पैकी मार्क पडले असते. दुकानामागे वाळूचं पिंप आहे, तिथे चाचांनी पहिलं काडतूस लावलं.

टक्.

दुसरं. टक्.

चाचांनी चरखी रिकामी केली, रिव्हॉल्व्हर कापडावर ठेवलं आणि टेम्पोकडे गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी मला कळलंच नाही की मी काय चूक केली आहे. आता ते लिहायलाही लाज वाटते. झिजलेल्या वस्तूचं अचूक माप घेतलं की झीजच अचूक उतरते! नवी सुई जुनीइतकीच आखूड झाली होती. पण मापं जुळत होती, आणि मापं जुळली की माझ्यासारख्या मुलीचं डोकं पुढे चालत नाही.

शुक्रवारी दुपारी दीडचा सुमार. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेले, शटर अर्धं खाली, मिलही जेवणासाठी बंद. गल्लीत कोणी नाही. मला मेणाचा डबा आठवला. आपण रीत पाळली नाही, म्हणून झालं असेल, असा काहीसा बालिश विचार मनात आला. तो डबा अब्बा गेले त्या आठवड्यात चाचांनी एका जुन्या गमछ्यात गुंडाळून, सुतळीने बांधून कपाटावर ठेवला होता. तेव्हापासून कोणी हात लावला नव्हता. वर बोटभर धूळ, आणि धुळीवर बोटाची एकही खूण नाही. हे मी तेव्हाच पाहिलं होतं, नंतर आठवून सांगत नाहीये. सुतळीची गाठ चाचांची, पोती आवळायची टेम्पोवाली गाठ. ती मला सुटेना. मी ब्लेडने कापली.

झाकण उघडलं आणि फार वाईट वाटलं. पत्र्याखाली, कपाटाच्या टोकावर, आमच्याकडचे दोन उन्हाळे! मेण वितळून एका कडेला वाहत गेलं होतं. अब्बांचे सगळे ठसे, टाचणीचे नंबर, तीस-पस्तीस वर्षांची वही — नुसत्या पुसट वळ्या झाल्या होत्या.

आणि वडीच्या मधोमध एक ठसा.

एकच. कडा सुरीने कापल्यासारख्या. शेजारी नंबर नाही. मला वाटलं खिळा असेल, उंदराचा दात असेल. भिंग घेऊन दारातल्या उजेडात गेले. बंदुकीच्या सुया गोल असतात. हा ठसा एका बाजूने चपटा होता, खाली रुंद खांदा. असा आकार मी फक्त एकाच ठिकाणी पाहिला होता, आदल्या दिवशी, त्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमध्ये.

मग पुन्हा पाहिलं. ठशाच्या चपट्या बाजूवर कानशीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. उजव्या हाताचा माणूस कानस चालवतो तेव्हा रेघा एका बाजूला कलतात, डाव्याच्या दुसऱ्या बाजूला. अब्बांच्या रेघा मी लहानपणापासून ओळखते. ठशात सगळं उलटं उमटतं, तेही धरलं. दोनदा विचार केला, पाटीवर काढून पाहिलं. या रेघा डाव्या हाताच्या होत्या.

आमच्या दुकानात डावा माणूस एकच झाला आहे.

मी पहिली गोष्ट ही केली की मोबाइलवर फोटो काढला. एक वरून, एक तिरपा. वेळ एक वाजून त्रेचाळीस मिनिटं. फोनमध्ये आजही आहे. दुसरी गोष्ट, बारीक काडी घालून खोली मोजली. ती जुन्या सुईपेक्षा जास्त निघाली — अगदी थोडी, वहीच्या दोन पानांएवढी. आणि तेव्हा माझी गुरुवारची चूक माझ्या डोक्यात लख्ख उजेडासारखी आली. सुई नवी असताना केवढी असेल, हे मी विचारलंच नव्हतं. जे झिजलं त्यालाच विचारत बसले होते.

चाचा परत आले तेव्हा कापलेली सुतळी फरशीवर पडली होती.

"ही गाठ तू कापली?"

"हो."

"माझीच होती. तशीच होती?"

"तशीच होती."

मी डबा पुढे केला. चाचांनी ठसा पाहिला. मी त्यांना रेघांचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "उद्या मी नवी सुई करते."

शनिवारी मी एक काम केलं जे पाच वर्षं मनात होतं. अब्बांचा वाइस, म्हणजे वस्तू आवळून धरायचा लोखंडी शिकंजा, कपाटाआडच्या टेबलावर, उजव्या हाताच्या हिशोबाने बसवलेला होता. त्याचे बोल्ट काढले, तो उचलून पुढे काउंटरशेजारी आणला, आणि डाव्या हाताला येईल असा फिरवून घट्ट केला. शटर पूर्ण वर. शनिवारची गल्ली भरलेली. मी रस्त्याकडे तोंड करून बसले आणि कानस डाव्या हातात घेतली.

चहावाला भाऊ ग्लास ठेवायला आला आणि थबकला. "काऊन बाई, आज उजव्या हाताले सुट्टी हाय का?"

दोघेतिघे हसले. माझे कान तापले. एरवी मी उठून आत गेले असते. त्या दिवशी म्हटलं, "त्याला काम येत नाही, भाऊ."

माझाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही. पण लोक पुन्हा हसले, आणि या वेळी वेगळं हसले. चहा त्याने फुकट दिला.

चारच्या सुमारास सुई जवळजवळ झाली होती. पॉलिशला घेणार, एवढ्यात मिलमधून रिव्हर्स येणाऱ्या ट्रकने माझ्या कानाशीच हॉर्न दाबला. हात उडाला. कानशीचा कोपरा सुईच्या खांद्यावर घासला आणि तिथे एक खाच पडली. तांदळाच्या कणीएवढी, तिरपी. डोळ्यात पाणीच आलं. मग भिंगाखाली पाहिलं — खांद्याला, म्हणजे कामाच्या टोकाला नाही. तिने काही बिघडत नव्हतं. तशीच राहू दिली.

रीत म्हणून डबा काढला. जुन्या ठशाशेजारी नवा ठसा घ्यायचा, असं ठरवलं होतं. पण हात त्या खड्ड्यावरच गेला. सुई टेकवली आणि... दाबावं लागलंच नाही. अंधारात पायाला आपलीच चप्पल सापडावी, तशी ती आत बसली. खांद्यापर्यंत. डबा उलटा केला तरी पडली नाही.

चाचा शेजारीच उभे होते. त्यांच्या तोंडून "या अल्लाह" एवढंच आलं.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी फोन काढला. शुक्रवारचा फोटो मोठा केला. खांद्याच्या जागी, मी आदल्या दिवशी मेणातला ओरखडा समजून दुर्लक्ष केलं होतं तिथे, एक उंचवटा होता. तांदळाच्या कणीएवढा. तिरपा. सुई काढून फोनशेजारी धरली. खाच तिथेच, तशीच, तेवढीच.

ती खाच त्या हॉर्नने पाडली होती. पंधरा मिनिटांपूर्वी.

आता तुम्ही विचाराल ते सगळं मी स्वतःला विचारलं आहे. ठसा अब्बांच्या वेळचा असता तर बाकीच्यांसारखा वितळला असता. कोणी नंतर उघडून केला असता तर धूळ विस्कटली असती, आणि चाचांची गाठ त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही. चाचांनी केला म्हणावं, तर त्यांना कानस धरता येत नाही. आणि खाच कशी? रेघांची नक्कल मी नकळत केली असं मानलं, तरी ट्रकला हॉर्न दाबायला मी सांगितलं नव्हतं. कॉलेजमधल्या माझ्या सरांना फोटो दाखवले. त्यांनी दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "तू आधी दाबून नंतर फोटो काढला असशील." मी वेळ दाखवली. ते म्हणाले, "फोनची वेळ चुकली असेल." फोनची वेळ बरोबर आहे. तो डबा आता मी माठाशेजारी, गारव्याला ठेवते. ठसा अजून तसाच आहे. कोणाकडे साधं, पटणारं उत्तर असेल तर जरूर लिहा. मी वाद घालणार नाही. माझ्याकडे उत्तर नाही, आणि असेल असं मला आता वाटतही नाही.

पण रविवार सांगायचा राहिला.

काडतुसं चारच, फायनल चार, त्यामुळे तपासून बघायची सोय नव्हती. पहिला बार होईल तो मैदानावरच. चाचांनी टेम्पो काढला. गडचिरोली ओलांडून पुढे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या, म्हणजे धान कापलेली खाचरं, त्यात बगळे, मागे सागाचं जंगल. मैदानावर चार शाळांची मुलं, कापडी मंडप, चुन्याच्या रेघा. मडावी सरांनी पांढरे कपडे घातले होते. त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत. त्यांच्यासारख्या माणसाचं गप्प बसणं भीतीदायक असतं.

पहिलीच फायनल मुलींची चारशे मीटर. जमुना मला न सांगता ओळखू आली — दुसऱ्या लेनमधली उंच, काटक मुलगी. बाकीच्या समोर बघत होत्या. ती मान किंचित कलती करून, कान सरांकडे लावून उभी होती. पाय उचलायला नाही. बार ऐकायला.

सरांनी हात वर केला. मंडपातलं बोलणं थांबलं. माझा डावा हात ओढणीत गच्च आवळलेला होता.

धाड्!

एवढा मोठा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलेला नाही. बांध्यांमधले बगळे एकदम उठले, सगळे, पांढरी चादर झटकावी तसे. धुराचा छोटा पुंजका सरांच्या डोक्यावर तरंगत राहिला. आणि जमुना — ती तर आवाज संपायच्या आत रेघेपलीकडे होती. पहिल्या वळणावर ती पुढे, दुसऱ्यावर आणखी पुढे. शेवटच्या शंभर मीटरला तिच्या शाळेची मुलं रेघा तुडवत मैदानात घुसली, पंच ओरडत राहिले, कोणी ऐकलं नाही. फीत तिच्या छातीवर होती आणि बाकीच्या अजून चुन्याच्या शेवटच्या खुणेलाही पोचल्या नव्हत्या.

चाचा माझ्या शेजारी उभे राहून टेम्पोच्या टपावर दोन्ही हातांनी ढोल बडवावा तसे बडवत होते. "हुआ! बेटा, हुआ!"

चारही बार झाले. एकही टक् नाही.

शेवटच्या शर्यतीनंतर मडावी सर मैदान ओलांडून थेट आमच्याकडे आले, मागे पंच, दुसऱ्या शाळांचे दोन सर, दहा-पंधरा मुलं, आणि गळ्यात फीत घातलेली जमुना. सरांनी चरखी उघडून रिकामी दाखवली. मग रिव्हॉल्व्हर आडवं दोन्ही तळहातांवर धरलं, लोक अब्बांच्या समोर धरायचे तसं, आणि त्यांच्या त्या मैदानी आवाजात विचारलं,

"हात कोनाचा?"

चाचांनी सवयीने तोंड उघडलं. रशीदचा, असंच त्यांच्या ओठावर होतं, मला दिसलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि एक पाऊल मागे सरकले.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला मेणातल्या त्या रेघा आठवल्या, माझ्याआधी तिथे पोचलेल्या. मी ओढणीतून हात सोडवला, सगळ्यांना दिसेल असा वर केला आणि म्हटलं,

"माझा. हा — डावा."